पडायचेच दात

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ करा," आणि मी केला.

साडेचार वर्षांची लेक माझ्या मांडीवर होती. सुजलेला गाल तिचा, मिटलेला डोळा तिचा, केसपेपरावर नाव तिचं. तरी आ केला मी. आणि तोही थोडाथोडका नाही, गावच्या शाळेत तपासणीला कुणी आलं की करायचो तसा, जीभ हनुवटीपर्यंत काढून. बाईंनी सवयीनं दिवा ओढला, वाकल्या, काडीला लावलेला छोटा आरसा माझ्या तोंडात फिरवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचं झालं. आता मला हिचं बघू द्या."

भिंतीशी उभी असलेली माझी बायको पंख्याकडं बघू लागली. पंखा बंद होता. लेक सकाळपासून ओठ शिवल्यासारखी गप्प होती. तिनं मान वर करून माझ्या उघड्या तोंडात एकदा डोकावून घेतलं आणि स्वतःचे ओठ आणखी घट्ट मिटले. आत जे दिसलं त्यावरून तिनं काय ते ठरवलं असणार.

त्या खुर्चीपर्यंत आम्ही कसे पोचलो हे सांगायचं तर माझ्या शहाणपणाबद्दल सांगावं लागेल, आणि तो विषय मोठा आहे.

तेव्हा वाळूजला कारखाने उभे राहत होते. आज माळ, पुढल्या महिन्यात पत्र्याची शेड, त्याच्या पुढल्या महिन्यात गेटवर नोकरीसाठी रांग. करमाडजवळ आमचं गाव. आजा मेंढरं राखायचा, बाप मेंढरं राखायचा, आणि मी आयटीआय करून ओतीव लोखंडाच्या एका कारखान्यात तपासनीस झालो. काम असं, की साच्यातून निघालेला भाग हातात घ्यायचा, बॅटरीचा झोत मारायचा, काडीला लावलेला छोटा आरसा आत घालायचा आणि लोखंडात कुठं भोक किंवा पोकळी राहिली आहे का ते शोधायचं. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी लाल रंगाचा फराटा. भाग बाद. ओतकाम करणारी मंडळी मला टरकून असायची. त्यांचा आठ तासांचा घाम मी एका फराट्यानं भंगारात घालायचो, आणि वर सांगायचो, "आपल्या नजरेतून भोक सुटत नाही, दादा."

हे वाक्य मी घरी सुद्धा ऐकवायचो. नवं पातेलं आणलं की ते उजेडाकडं धरून बघायचो. बायकोला पहिल्या वर्षी याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षापासून ती पातेलं आणायला एकटी जाऊ लागली.

कारखान्यात चहाबरोबर दर माणशी एक बिस्किटपुडा मिळायचा. बाप झालेला कुणीही तो तिथं फोडत नसे. पुडा खिशात जायचा आणि शिफ्टच्या बसमधून कॉलनीत यायचा. पहिली शिफ्ट करून दुपारी चारला बस थांबली की स्टॉपवर पोरांचा थवा उभा असायचा. दारातून बाप उतरायचे, पोरं तोंडभर हसायची, आणि त्या हसण्यात पुढचे दात कुणाचे तपकिरी, कुणाचे काळे, कुणाचे अर्धेच. आम्हाला ते दिसत नव्हतं असं नाही. पण पोरांचे दात असेच असतात अशी आमची समजूत होती. जसे पोरांचे गुडघे खरचटलेले असतात तसे.

मला तर तो पुडा म्हणजे प्रगती वाटायची. माझ्या बापानं मला लहानपणी वाळलेली बोरं दिली होती, आणि मी लेकीला छापील कागदातलं, यंत्रात भाजलेलं बिस्किट देत होतो. ती ते दुधात बुडवून चोखायची, खेळताना चोखायची, झोपेपर्यंत चोखायची. दुधात दोन चमचे साखर असायची. "एकच पुडा," मी म्हणायचो, "चॉकलेट नाही, गोळ्या नाहीत. आमच्यात लाड नाहीत."

एका सकाळी वेणी घालता घालता बायको म्हणाली, "अहो, हिच्या खालच्या दाढेला काळं आलंय. तिळाएवढं आहे."

मी दाढी करत होतो. आरशातूनच म्हणालो, "दुधाचे दात आहेत. पडायचेच."

"बघा तरी."

"काय बघायचं त्यात? पडायच्या वस्तूची काय तपासणी करायची?"

आज या वाक्याकडं बघितलं की मला स्वतःवर लाल फराटा ओढावासा वाटतो. केसही पडतात, म्हणून डोक्यात कुणी चिखल भरून ठेवत नाही. चपलाही झिजतात, म्हणून खिळा वर आलेली चप्पल कुणी पोराच्या पायात घालत नाही. दाताच्या बाबतीत मात्र आम्ही शिकलेली, पगारी, पँट घातलेली माणसं असं समजत होतो की देवानं पोराला पहिले दात नुसते सरावापुरते दिले आहेत, खरा खेळ नंतर सुरू होतो.

आणि हे माझं एकट्याचं मत नव्हतं. आमच्या बसचं होतं.

बसबद्दल थोडं सांगतो. ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून शहरात मोर्चे, बंद, रास्ता रोको चालू होते, आणि आमच्या बसचेही दोन भाग झाले होते. डावीकडच्या बाकांवर नामांतर हवं असलेले बसायचे, उजवीकडं नको असलेले. कुणी तसा नियम केला नव्हता, पण नवा माणूस सुद्धा दोन दिवसांत आपली बाजू ओळखून बसायचा. माझा शेजारी डावीकडं बसायचा. भिंतीला भिंत लागून आमची घरं, तो लेथवर काम करायचा. मी आधी वर्षभर त्याच्याच बाकावर बसायचो. वातावरण तापलं तसा मी हळूच शेवटच्या लांब बाकावर सरकलो, जिथं मधल्या जागेवरून दोन्हीकडं मान हलवता येते. नामांतराला माझा विरोध नव्हता. पाठिंबा आहे असं म्हणायची छाती नव्हती. शेजाऱ्यानं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. नमस्कार मात्र आधी 'काय भाऊ' असायचा, तो नुसता मानेवर आला.

तर अशा त्या बसमध्ये मी एकदा दाढेचा विषय काढला. उजवीकडचा एक फिटर म्हणाला, "दुधाची ना? पडंल." डावीकडून एक जण म्हणाला, "व्हय, पडंलच की." ड्रायव्हर पुढून म्हणाला, "मेरे लडके के तो सब काले थे. सब गिरे, सब नये आये." त्या वर्षभरात आमच्या बसमध्ये दोन्ही बाजूंचं एकमत झालेला हा एकच प्रश्न असावा. मी इतका सुखावलो, जसा काही समेट मीच घडवून आणला होता.

शेजारी तेवढा खिडकीबाहेर बघत गप्प होता. कारण त्याची बायको दातांच्या सरकारी दवाखान्यात आया होती. तिथली भांडी उकळणं, पेशंटला आत सोडणं ही तिची कामं. तिच्या दोन्ही पोरांचे दात पांढरे होते आणि याचा मला, खरं सांगतो, राग यायचा.

तिनं माझ्या बायकोला कधीच सांगून ठेवलं होतं. "ताई, तीळ आहे तोवर आणा. बारीक असलं की भरून देतात. मी असते तिथं, नंबर लावते."

बायकोनं मला सांगितलं. मी हसलो. "दुधाच्या दातात सिमेंट? भाड्याच्या घराला कुणी संगमरवर लावतं का?" ही उपमा मला इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी मी ती बसमध्ये वापरली. उजवीकडून बरंच हसू आलं. शेजारी खिडकीतच होता. खरं कारण उपमेत नव्हतंच. त्या दिवसांत त्या घराच्या ओळखीनं दवाखान्यात जाताना मी दिसलो तर बसमधले लोक काय म्हणतील, हे कारण होतं. लेकीच्या दाढेपेक्षा मला मागच्या बाकावरची माझी मधली जागा जास्त सांभाळायची होती. अशा माणसाला लोक सज्जन म्हणतात. मलाही म्हणायचे.

तिळाची मसुराची डाळ झाली. पोरगी एका बाजूनं चावू लागली, मग चावेनाशीच झाली. भाकरी बघितली की तोंड फिरवायची. दुधात भिजवलेलं बिस्किट तेवढं खायची, म्हणून मी निदान केलं की हे लाड आहेत. तपासनिसानं एकदा निदान केलं की उपाय ठरलेलाच. मी तिला ताटासमोर बसवून ठेवू लागलो. "चतकोर संपल्याशिवाय उठायचं नाही." ती बसायची. बराच वेळ बसायची. मग ताट रिकामं दिसायचं आणि मी बायकोकडं विजयी नजरेनं बघायचो. ताट उचलायला मात्र ती मला कधीच सांगत नसे, याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

एवढ्यात दातातला किडा काढते म्हणत एक बाई कॉलनीत आली. मी तिला मोठ्या आदरानं ओट्यावर बसवलं. डॉक्टर नको होते, कारण ते शेजारणीच्या ओळखीचे. ही बाई कुणाच्याच ओळखीची नव्हती. तिनं खापरी तापवली, तिच्यावर कसल्या तरी बिया टाकल्या, नळी धरून धूर पोरीच्या तोंडात सोडला. पोरगी खोकून खोकून लाल झाली. मग बाईनं खापरी पाण्याच्या वाटीत उपडी केली, आणि पाण्यावर पांढरे, बारीक, वळलेले असे तीन जीव तरंगले.

मी कारखान्याचं भिंग आणलं. वाटी उजेडात धरली. आणि जमलेल्या सगळ्या कॉलनीसमोर सांगितलं, "किडेच आहेत. तीन."

लोखंडातलं टाचणीएवढं भोक पकडणाऱ्या माणसानं प्रमाणपत्र दिल्यावर कोण काय बोलणार? त्या दिवशी बाईला आणखी चार घरं मिळाली. मी ते किडे काड्यापेटीत भरून देवळीत ठेवले, कुणी आलं की दाखवायला.

चार दिवसांनी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं, आणि माणसांपेक्षा जनावरांशी बोलायची सवय जास्त. नातीशेजारी जेवायला बसले. जेवता जेवता त्यांनी तिच्या ताटाची कड बोटानं उचलली. खाली भाकरीचे तुकडे होते. नखाएवढे, नीट एकावर एक लावलेले. मग तिच्या झग्याच्या खिशात हात घातला. तिथंही होते. कालचे, वाळलेले.

मला वाटलं आता आबा तिला रागावतील. त्यांनी पाण्यानं हात धुतला, तिला उचलून दारात उन्हाला नेलं, मांडीवर आडवं घेतलं, आणि गालाच्या मागं, जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा असा काही ठेवला की तिचं तोंड आपोआप उघडलं. ती रडली सुद्धा नाही. बाजारात मेंढी घ्यायच्या आधी आबा प्रत्येकीचं तोंड असंच उघडायचे. दोनदाती की चारदाती, म्हणजे वय किती, आणि दाढ शाबूत की गेलेली. दाढ गेलेली मेंढी हिरव्या रानात सुद्धा उपाशी मरते, म्हणून तिच्यावर ते हात ठेवायचे नाहीत.

"डाव्या अंगाची खालची दाढ पोकळ झालीय," आबा म्हणाले. "शेजारची बी चाललीय. हिरडी सुजलीय. ही चरंल कशी?"

"आबा, ती काय मेंढी आहे का?" मला चारचौघांत लाज वाटली.

"मेंढी असती तर घेताना तोंड उघडून बघितलं असतं कुनी तरी. पोर घरात आपसूक आली, म्हनून कुनी बघितलंच नाय."

"दुधाचे दात आहेत. पडायचेच. आणि किडे काढलेत आपण." मी काड्यापेटी आणून उघडली. पुरावा म्हणून.

आबांनी एक किडा तळव्यावर घेतला, नखानं चिरडला, वास घेतला. "रिंगणीच्या बीचा मोड हाय ह्यो. आपल्या बांधाला झाडं हायती. मेंढरं बी तोंड लावत नायत त्याला." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू कारखान्यात नेमकं काय बघतोस?"

बायको आत गेली. आत तिला काही काम नव्हतं.

इतकं झाल्यावर कुणीही माणूस उठून दवाखान्यात गेला असता. मी म्हणालो, "रविवारी बघू." रविवारी दवाखाना बंद असतो हे मला ठाऊक होतं.

रविवार उजाडायची गरजच पडली नाही. दोन दिवसांनी सकाळी बायकोनं मला हलवून उठवलं. लेकीचा डावा गाल लिंबाएवढा नाही, मोसंब्याएवढा झाला होता. डोळा मिटत आला होता. अंग तापानं भाजत होतं. आणि ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. बायको म्हणाली, "बोला आता. पडायचेच म्हणा."

मी पायात चपला सरकवल्या.

त्या दिवशी नामांतरासाठी शहर बंद होतं. बस नाही, रिक्षा नाही, दुकानं नाहीत. मी दारात उभा राहून रस्त्याकडं बघत होतो, जसं काही माझ्या बघण्यानं एखादी रिक्षा उगवणार होती. शेजारी बाहेर पडत होता. त्याला मोर्चाला जायचं होतं, दंडाला निळी फीत बांधलेली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग उघड्या दारातून आत बघितलं, आणि आपल्या घराकडं वळून बायकोला म्हणाला, "तुझी ड्युटी आहे ना? चल, हिलाही न्यायचंय."

मला म्हणाला, "भाऊ, चला. पायी जावं लागंल."

'भाऊ' ऐकून मला माझाच गाल सुजल्यासारखं झालं.

आबांनी नातीला घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. लंगडं कोकरू घेतात तसं, पोट मानेला लावून. पुढं शेजारी आणि त्याची बायको, मागं आम्ही. पहिल्या चौकात टायर जळत होते आणि निळ्या फिती बांधलेली पोरं उभी होती. शेजाऱ्यानं पुढं होऊन सांगितलं. पोरं बाजूला झाली. एक जण घोंगड्यात डोकावला आणि मायेनं म्हणाला, "दुधाची दाढ का? काका, घाबरू नका. पडते आपोआप."

पुढच्या चौकात दुसऱ्या बाजूची पोरं होती. शेजाऱ्यानं फीत काढून खिशात ठेवली, आणि हे करताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी तरीही बघितलं. इथं आबा पुढं झाले. त्यांचं पागोटं बघून पोरांनी रस्ता दिला. त्यांचा म्होरक्या मिशी फुटायच्या वयाचा होता. तो म्हणाला, "बाबा, दुधाचे दात हायेत ना? मग कशाला हिंडताय बंदमध्ये? पडतेत ते."

आबा थांबले. "तू कुनाचा रं?" त्यांनी विचारलं. पोरगा गडबडला. "आ कर जरा," आबा म्हणाले. पोरगा आ करणारच होता, पण मित्र हसले. आम्ही पुढं निघालो.

दवाखान्यात शेजारणीनं आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं. पुढचं, म्हणजे मी आ केला ते, सांगून झालंच आहे.

लेकीनं मात्र तोंड उघडलं नाही. बाईंनी गोड बोलून बघितलं, आरसा दाखवला, बाहुली दाखवली. मी "उघड बाळा, मी बघ कसा उघडला" असं म्हणालो, त्यावर डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा उघडू नका असं हातानंच सांगितलं. शेवटी दाराशी उभे असलेले आबा म्हणाले, "बाई, मी धरू का?"

आबांनी अंगठा ठेवला. तोंड उघडलं. बाई दोन क्षण आबांच्या अंगठ्याकडंच बघत राहिल्या. "ही कुठली पद्धत?"

"मेंढराची," आबा म्हणाले. "बघून घ्या, म्हंजी तुमास्नी बी जमंल. जोर नाय द्यायचा. जागा गावली की झालं."

बाईंनी दिवा जवळ घेतला. आरसा फिरवला. मी बघत होतो. तोच काडीवरचा छोटा आरसा, तोच झोत. माझंच हत्यार. त्या आरशात मला लेकीची दाढ दिसली. दाढ कसली, नुसत्या कडा उरल्या होत्या, मध्ये काळा खड्डा. कारखान्यात असा भाग समोर आला असता तर मी ओतकाम करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या.

"किती दिवस दुखतंय हिला?" बाईंनी विचारलं.

मी बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "तिनं कधी सांगितलं नाही. ती भाकरी लपवायची."

"आणि तुम्ही काय केलंत?" हा प्रश्न मला होता.

"दुधाचे दात..." एवढंच मी म्हणालो. पुढचं मला बसमध्ये फार सोपं जायचं.

"ही दाढ दहाव्या-अकराव्या वर्षी पडते," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागला. "तोपर्यंत सहा वर्षं ही कशानं चावणार होती? आणि हिच्या खाली पक्का दात तयार होतोय. वर पू साठला की खालच्यालाही त्रास. दुधाचे म्हणजे फुकटचे नव्हेत." मग गोड किती, कधी, झोपताना काय, असं विचारलं. मी सांगितलं. चॉकलेट नाही, गोळ्या नाहीत, फक्त एक पुडा, हेही सांगितलं. अभिमान लगेच जात नाही, ताप उतरतो तसा हळू उतरतो.

त्यांनी पू काढला. लेक ओरडली, एकदाच, आणि मला वाटतं तो आवाज शिफ्टच्या बसपर्यंत गेला असेल. औषधं दिली. सूज उतरल्यावर आठवड्यानं ती दाढ काढली. शेजारची भरून घेतली. हो, सिमेंटच. त्या वेळी मला संगमरवराची उपमा आठवली आणि मी कुणालाही ती ऐकवली नाही.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडात पाच दाढा किडलेल्या आहेत. तुमच्या काही दुधाच्या नाहीत. परत या."

मी "हो, हो" म्हणालो. माणूस ज्या कामाला अजिबात जाणार नसतो त्याला दोनदा हो म्हणतो.

दाढ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी शेजाऱ्याच्या बाकावर जाऊन बसलो. हे मी काही शौर्य म्हणून सांगत नाही. त्याला वर्षभर उशीर झाला होता. उजवीकडच्या फिटरनं विचारलं, "काय, पडली का दाढ?" मी म्हणालो, "पाडली." शेजारी खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "भाऊ, जरा सरका, मांडीवर बसताय." एवढंच. पण ते त्यानं हसून म्हटलं.

लेकीचं हळूहळू ठीक झालं. आबा गावाकडं जाताना तिला सांगून गेले की रोज रात्री आईसमोर तोंड उघडायचं, नाही तर मी अंगठा घेऊन येईन. ती उघडायची. बायको कारखान्याची माझी बॅटरी घेऊन बघायची, मला हात लावू देत नसे. ताटाच्या कडेखाली मी रोज बोट घालून बघायचो. पहिल्या आठवड्यात दोन तुकडे सापडले, दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. एके दिवशी तिनं अर्धी भाकरी उजव्या बाजूनं कुरकुर चावून खाल्ली आणि आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

प्रश्न राहिला बिस्किटपुड्याचा. तो घरी न्यायचा नाही असं बायकोनं बजावलं होतं. कारखान्यात टाकून द्यायला जीव होत नव्हता. शेवटी मी मार्ग काढला. बस वाळूजहून निघाली की पुडा फोडायचा आणि कॉलनी येईपर्यंत एकट्यानं संपवायचा. लेक वाचली, अन्नही वाया गेलं नाही. या व्यवस्थेचा मला अभिमान होता. महिनाभर होता.

मग एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी लवंग दाबून बसलो होतो, म्हणून कमी बोलत होतो. उजव्या बाजूनं चावून बघितलं, मग डाव्या बाजूनं, मग चावायचंच सोडलं. समोर लेक तिची चतकोर संपवून माझ्याकडं बघत होती. ती माझ्याकडं नाही, माझ्या ताटाकडं बघत होती. बायकोनं ताटाची कड उचलली. खाली भाकरीचे तीन तुकडे होते.

"दुखत नाही," मी म्हणालो.

बायकोनं ते तुकडे उचलून आपल्या ताटात घेतले, कालवणात बुडवले आणि खाता खाता म्हणाली, "शनिवारी सुट्टी आहे तुमची. शेजारच्या ताईंना सांगून नंबर लावलाय मी. आणि मामंजींना निरोप धाडलाय, तुमचा जबडा धरायला."